काळीज काढलेलं यंत्र

शेख झिदानने तिसरा घाव घातला आणि डिस्कची धातूची पेटी मधोमध चेपली. सभाघरात दोनशे माणसं तरी असतील. बायका बाकांवर चढल्या होत्या, पोरी खिडकीच्या गजांना लोंबकळत होत्या, आणि एरवी मयतीलाही उशिरा पोचणारे आमचे गावसभेचे अध्यक्ष सालेह पहिल्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"हे काय आहे?" शेखने ती चेपलेली पेटी वर धरून विचारलं.

"डिस्क!"

"डिस्क म्हणजे काय?"

"यंत्राचं काळीज!" हे त्यानेच दहा मिनिटांपूर्वी शिकवलं होतं.

"काळीज काढलेलं मेंढरू उठतं का?"

"नाही!"

"काळीज काढलेला माणूस उठतो का?"

"नाही!"

"मग आता डोळे उघडे ठेवा. आणि ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या पायांनी बाहेर जावं. नंतर लकवा मारला तर मला बोल लावू नका."

कोणी हललं नाही. शेखने बाह्या सावरल्या, संगणकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटायला लागला. ती भाषा अरबी नव्हती, आमची नुबी तर नव्हतीच. मग त्याने तीनदा फुंकर मारली आणि यंत्रं सांभाळणाऱ्या शाझलीला खूण केली. शाझलीने बटण दाबलं.

पंखा फिरला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली. शाझलीने झटकन एक कळ दाबली, ओळ गेली, आणि थोड्या वेळाने नेहमीचं चित्र आलं. नाईल, खजुराची झाडं, आमचं धरणाखाली गेलेलं जुनं गाव. त्यानंतर ध्वनिक्षेपकातून शलाली म्हाताऱ्याचा आवाज आला. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"नब्रा, पाहुण्याला आधी चहा दे. मग मी बोलतो."

हाज्जा नब्रा त्याची बायको. तिला दिसत नाही. ती चाचपडत पुढे आली आणि ध्वनिक्षेपकावर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. लोक रडत होते. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, तरी माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? मिनिटभर मलाही वाटलं की खरंच काहीतरी घडलं असेल, आणि ते घडावंसं वाटलं.

कारण तो संगणक म्हणजे नुसतं यंत्र नव्हतं. आमच्या लोकांना जुन्या गावातून उठवून इथे कोम ओम्बोजवळच्या सपाट मातीत आणून बसवलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नदी गेली, घरं गेली, विहिरींची नावंसुद्धा बोलण्यातून गेली. निवृत्त झाल्यावर मी म्हाताऱ्यांच्या दारोदार जाऊन त्यांचे आवाज साठवायला लागलो. गाणी, भांडणं, कोणाची होडी कुठे बुडाली, कोणत्या शेतात कोणतं खजूर होतं. अकरा वर्षांत तीनशे बारा माणसं बोलली. त्यातली निम्मी आज नाहीत.

या कामात पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर शाझली होता. शाळेत माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. विजेचा झटका का बसतो हे सगळी पोरं पाठ करायची, हा मात्र दिव्याची तार उघडून बसायचा. अस्वानला जाऊन संगणकाचं शिकून आला आणि गावातल्या सगळ्या यंत्रांचं काम बघायला लागला. मला मुलगा नाही. लोक गमतीने म्हणायचे, "उस्ताद फिक्रीला मुलगा आहे की, फक्त त्याला दुसऱ्या बाईने जन्म दिला." मलाही ते ऐकायला आवडायचं.

संगणक आठवडाभर बंद पडला होता. शाझलीने तपासून मान हलवली होती. "उस्ताद, गेला. काही करता येणार नाही." आणि तोच उत्तरेकडून या शेखला घेऊन आला होता.

त्या दिवसापासून गावाला वेड लागलं. शेखला सभाघराच्या मागची खोली दिली. सकाळी मध आणि पोळी, दुपारी मुलुखियाची पालेभाजी आणि कबुतर, संध्याकाळी आलं घातलेली कॉफी. संगणकांना चिकटवायला तो तांब्याच्या पट्ट्या देऊ लागला. शिवणकामवाल्या बाईने त्यातली एक शिलाईयंत्रालाही लावली, तेव्हा शेख म्हणाला, "लाव, पण सुई स्वतःच ओव."

आमच्या मशिदीचे इमाम साधे गृहस्थ. ते मला म्हणाले, "उस्ताद, हा माणूस जे पुटपुटतो ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी बोललो तर म्हणतील इमामाला पोटशूळ उठला. तुम्ही बोला."

मी बोललो नाही. काय बोलणार होतो? फुटलेली डिस्क मी डोळ्यांनी पाहिली होती.

दुसरा चमत्कार औषधवाल्या सामिलच्या दुकानात ठरला. गर्दी रस्त्यावर आली होती. शेखने सामिलच्या संगणकाचीही तशीच डिस्क काढली, तशीच फोडली, तशीच फुंकर मारली. शाझलीने बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

शेखचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

"इथे एक माणूस आहे," तो म्हणाला, "जो मोजतो. देवाच्या दयेला फूटपट्टी लावतो. तो उभा असेल तिथे मेलेलं उठणार नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सालेह माझ्या कानाशी आले. "फिक्री, घरी जा ना बाबा. उगाच कशाला?"

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तेच तू घरी जाऊन कर."

मी शाझलीकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलायला हवा होता. तो संगणकाच्या मागे वाकून तारांशी खेळत राहिला. मी घरी आलो. ज्या पोरांना मी गुणाकार शिकवला होता ती आता बाप झालेली माणसं वाट सोडून बाजूला उभी राहिली, मला विटाळ झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सामिलचं यंत्र उठलं. फुंकरीने. सामिल मला सांगायला मुद्दाम आला, बिचारा खजील झाला होता.

"उस्ताद, मनात ठेवू नका. पण खरंच तुम्ही नव्हतात आणि झालं."

"मी नव्हतो. आणखी कोण होतं?"

"कोणीच नाही. सकाळी शाझली येऊन दोन तास धूळ साफ करून गेला, तेवढंच."

"दोन तास? धूळ?"

"चांगला पोरगा आहे. दार लावून केलं बघा, म्हणजे धूळ दुकानात उडू नये."

तो गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. चमत्काराला दोन तास साफसफाई कशाला लागते? आणि आजवर शेखने जी यंत्रं उठवली त्यातलं एक तरी असं होतं का, ज्याला शाझलीचा हात लागला नव्हता? मी आठवून पाहिलं. एकही नव्हतं. मला तो विचार पुढे न्यायचा नव्हता. शेख लबाड निघाला असता तर मला हसू आलं असतं. पण हा धागा दुसरीकडेच चालला होता.

त्याच आठवड्यात सभाघरातला संगणक आवाज करायला लागला. टक्, टक्, टक्, मग थोडं थांबून पुन्हा टक्, टक्. शेखने जाहीर केलं की यंत्र नामस्मरण करतंय. झालं! दुपारच्या नमाजानंतर बायका येऊन त्याच्यासमोर बसायला लागल्या. कोणी मोजलं, तर जपाच्या माळेसारखे बरोबर तेहेतीस भरले म्हणे. दुसऱ्याने मोजले तर एकोणतीस भरले. त्याला सांगितलं की तुझं लक्ष नव्हतं.

हाज्जा नब्रा माझ्याकडे आली ती नातीचा हात धरून.

"फिक्री, तू तो आवाज ऐकलास?"

"मला तिथे येऊ देत नाहीत, हाज्जा."

"मी ऐकला. मला डोळे नाहीत, मला कानच आहेत. जुन्या गावात आमचा रहाट होता. आसाला तेल संपलं की असाच आवाज यायचा, आणि बाप ओरडायचा, बैल सोडा, मोडेल. तो जप नाही रे. काहीतरी मोडायला आलंय."

मी ताडकन उठलो. कारण मला एक गोष्ट माहीत होती. सगळ्या आवाजांची एक प्रत मी वेगळ्या डिस्कवर करून ठेवली होती आणि घरात उंदीर-वाळवी नको म्हणून ती शाझलीकडे दिली होती. थेट त्याच्या दुकानात गेलो.

"शाझली, ती प्रत दे."

"कुठली?"

"आवाजांची. माझी डिस्क."

त्याने मान वर केली नाही. "ती बहिणीकडे आहे, अस्वानला. सुरक्षित आहे, उस्ताद."

"मग आणू आजच. मी येतो बरोबर."

"बहीण गावाला गेलीय."

"शाझली, माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं. तीस वर्षं मी पोरांचे डोळे वाचत आलोय. गृहपाठ न करणाऱ्याचे डोळे मला कळतात. मी उठलो.

मला आता एकच वस्तू हवी होती. पडद्यावर येणारी ती इंग्रजी ओळ, जी शाझली घाईघाईने घालवायचा. लोकांना शेखने सांगितलं होतं की ती जिन्नाची कुजबुज आहे, वाचू नका, कळ दाबून टाका. नब्राच्या नातीला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं उतरवता येत होती. सकाळी यंत्र सुरू होताना तिने ती ओळ तळहातावर उतरवून आणली. मी शब्दकोश घेऊन बसलो. जिन्न फार सरळ बोलत होता. जोडीतली एक डिस्क सापडत नाही, एकाच डिस्कवर काम सुरू करू का, असं तो विचारत होता.

जोडीतली!

पुढचं मी अस्वानच्या वाचनालयात जाऊन दिवसभर वाचलं. मोठ्या कचेऱ्यांमध्ये संगणकाला दोन डिस्क आरशासारख्या जोडतात. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी काम पुढे नेते. यात फुंकर लागत नाही. फक्त एक मेख असते. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला एक छोटा हुकूम वाचतं आणि त्यावरून पुढचं सगळं उठवतं. तो हुकूम पुष्कळदा आपोआप दुसरीवर जात नाही, हाताने वेगळा लिहावा लागतो. तो लिहायचा राहिला तर दुसऱ्या डिस्कवर सगळं असूनही पडदा काळाच राहतो. सामिलच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. दोन तास धूळ झाडत होता तो!

मंगळवारी सभाघर भरलेलं होतं. मी आत शिरलो तसा शेख ओरडला, "आला! मोजणारा आला!"

"हो, आलो," मी म्हणालो. "शेखसाहेब, मी फक्त एक विनंती करायला आलो. माझ्या मुलीचा संगणक बाहेर गाडीत आहे. ती लक्सरला राहते, गावातल्या कोणी त्याला हात लावलेला नाही. त्याची डिस्क मीच काढतो, मीच फोडतो. तुम्ही उठवा. उठला तर मी सगळ्यांसमोर तुमच्या पायांशी बसेन."

गर्दीत कुजबूज झाली. "घ्या की, शेखसाहेब!" मागून कोणीतरी म्हणालं. "उस्तादाला पायाशी बसलेलं बघायचंय!"

"परक्या गावच्या यंत्राला मी हात लावत नाही," शेख म्हणाला. "त्याची नियत मला ठाऊक नाही."

"बरं. मग याच यंत्राचं झाकण उघडू. ज्याचं काळीज काढलं त्याच्या छातीत आता काय आहे ते बघू."

"खबरदार! झाकण उघडलं तर बरकत उडून जाईल!"

सालेह उठून माझा दंड धरायला आले. तेवढ्यात हाज्जा नब्रा काठी आपटत उभी राहिली.

"सालेह, सोड त्याला! त्या डब्यात माझा नवरा आहे. उघडायचा की नाही ते मी सांगीन. सामिल, तुझ्याकडे पेचकस आहे ना? उघड."

सामिलने एकदा शेखकडे पाहिलं, एकदा नब्राकडे. मग खिशातून पेचकस काढला.

झाकण निघालं. खालचा कप्पा रिकामा होता, जिथून डिस्क काढून फोडली होती. लोक म्हणाले, "बघा, रिकामा!" मी म्हणालो, "वर बघा. सीडीची चकती घालायचा हा कप्पा, जो कधीच चालला नाही. त्याच्या मागे तार कशाला गेलीय?" सामिलने पुढची पट्टी उचकटली. आत दुसरी डिस्क होती. टक्, टक् करत होती.

"ही घ्या," मी म्हणालो. "ही नामस्मरण करत नाही. ही मरतेय."

मला वाटलं होतं की त्या क्षणी मला जिंकल्याचं समाधान होईल. पण डिस्कच्या कडेला चिकटवलेला कागद दिसला. माझं अक्षर होतं. "आवाज, दुसरी प्रत. जपून ठेव, बाळा."

शाझलीने माझीच प्रत पुसली होती. चमत्काराला जोडीची डिस्क हवी होती, आणि त्याच्या हाताशी ती होती. मग खरी डिस्क भर सभेत फोडली. तीनशे बारा माणसांचे आवाज त्या एका जुन्या, थकलेल्या डिस्कवर आणून ठेवले, आणि आम्ही तिच्यासमोर बसून टकटक मोजत होतो.

मी शाझलीकडे वळलो. मला ओरडता येईना. "का रे?" एवढंच म्हणालो.

तो भिंतीला टेकून उभा होता.

"बारा वर्षं मी तुमची यंत्रं दुरुस्त करतोय," तो म्हणाला, आणि ते मला नव्हतं, सगळ्यांना होतं. "कोणी विचारलं, शाझली, कसं केलंस? सगळे म्हणाले, किती वेळ लावलास. हा माणूस फुंकर मारतो तर तुम्ही त्याचे हात चुंबता. मी ठरवलं होतं, नवीन डिस्क आणून पुन्हा जोडी लावीन. याने लावू दिली नाही. म्हणाला, काळीज एकदा काढलं की पुन्हा घालताना कोणी बघता कामा नये."

"आणि मी?" मी म्हणालो. "मी विचारत होतो की. रोज विचारत होतो, कसं केलंस."

तो रडायला लागला.

या गडबडीत शेख झिदान मागच्या दाराने गेला. आपली पादत्राणं विसरून गेला, पण मधाची बरणी नेली.

पुढचं काम मात्र थांबण्यासारखं नव्हतं. नवी डिस्क माझ्या मुलीच्या संगणकात होती. प्रत काढायची होती आणि ते काम गावात एकाच माणसाला येत होतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो.

"डिस्क कधीही थांबेल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एकेक घ्यावा लागेल. आधी कोणाचा घेऊ? तुमच्या आईचा?"

माझ्या आईने जुन्या गावातल्या सतरा विहिरींची नावं सांगितली होती, आणि प्रत्येक विहिरीवर कोण कोणाशी भांडलं तेही. मी नब्राकडे पाहिलं. ती काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"शलालीचा घे," मी म्हणालो. "मग ज्यांची माणसं इथे बसली आहेत त्यांचे, बसले आहेत त्या क्रमाने."

दोनशे सहा आवाज आले. दोनशे सातव्याच्या मध्यावर टकटक थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. आईचा त्यात नव्हता. शाझलीने डिस्क कानाशी धरली, हलवली, पुन्हा लावली. मी त्याला म्हणालो, "पुरे. उठ."

त्यानंतर मी सामिलच्या दुकानासमोर दोन वह्या आणि मध्ये कार्बन कागद घेऊन बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. वर लिहा, खाली उमटतं. वरची वही फाडा, खालची वाचा. एवढाच चमत्कार. आणि वर चूक लिहिलीत तर खालीही चूकच उमटते, म्हणून अशी जोडी असली तरी एक प्रत दुसऱ्या घरात ठेवावी लागते. सात वर्षांच्या पोरीला ते पाच मिनिटांत कळलं. सालेहना दोन दिवस लागले, पण कळलं.

शाझली अजून गावातच आहे. त्याने माझ्या दारात येऊन दोनदा माफी मागितली. मी त्याला कॉफी दिली. तो आता यंत्र उघडतो तेव्हा मालकाला शेजारी बसवून सगळं दाखवतो, असं सामिल सांगतो. चांगलं करतो. पण माझ्या घराची किल्ली, जी इतकी वर्षं त्याच्याकडे असायची, मी त्याला परत दिलेली नाही, आणि देईन असं वाटत नाही. फसवणारा परका असता तर मी शेखला विसरलो तसा त्यालाही विसरलो असतो.

लोक अजूनही मला म्हणतात, "उस्ताद, झालं ते झालं. चार दिवस लोकांना बरं वाटलं, त्यात कोणाचं काय बिघडलं?" त्यांना मी एकशे सहा नावांची यादी वाचून दाखवतो. त्यातली जी आज नाहीत ती माणसं दोनदा मेली. एकदा देवाच्या मर्जीने, आणि एकदा आम्ही झाकण उघडलं नाही म्हणून. तेव्हा तुमच्यासमोर कोणी मेलेलं उठवून दाखवायला लागला, तर त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. पेचकस मागा. आणि जो उघडायला नाही म्हणेल त्याच्यासमोर बसून मोजत राहू नका. तुमच्याकडे तेवढा वेळ नसतो.